रिकामा रकाना

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याऐंशी सालची. बटणांच्या कारखान्यात यंत्र आलं ते त्या वर्षी, आणि यंत्रापाठोपाठ तो आला तोही त्याच वर्षी. 'संगणक' हा शब्द तेव्हा कुणाच्या जिभेवर बसला नव्हता. सगळे नुसतं 'यंत्र' म्हणत, जणू कारखान्यात बाकी खडखडत होती ती यंत्रं नव्हतीच.

ती नमुना खोलीत होती. वरच्या मजल्यावर, बोळाच्या टोकाला. छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर खोकी, खोक्यांत पुठ्ठे आणि पुठ्ठ्यांवर ओळीनं शिवलेली बटणं. गिऱ्हाईक यायचं, पुठ्ठा उजेडात धरायचं, "हा रंग, पण जरा बारीक," म्हणायचं. मग ती बरोबर तो पुठ्ठा काढून द्यायची. नमुना खोलीत बसते म्हणून सगळे तिला 'नमुना' म्हणत. "आमचा नमुना आला का?" असं कोठारातले काका रोज सकाळी विचारत, आणि ती रोज सकाळी रागावल्यासारखं करी.

त्या दिवशी बाहेर भुरभुर पाऊस होता. ती पुठ्ठ्यावर शिंपल्याची बटणं शिवत बसली होती, मान खाली. दारात कुणीतरी उभं राहिलं.

"बटण मिळेल का?"

"किती ग्रोस?" तिनं मान वर न करता विचारलं.

"म्हणजे?"

"बारा डझनांचा एक ग्रोस. त्याखाली आम्ही देत नाही."

"मला... एकच हवंय."

"एक ग्रोस. रंग सांगा."

"नाही, एक बटण."

आता तिनं वर पाहिलं. ओले केस, काखेत फाइल, आणि उजव्या हातानं डाव्या बाहीचं मनगट घट्ट धरलेलं, जसं काही सोडलं तर हातच निसटेल.

"जिन्याच्या कठड्यात अडकून तुटलं," तो म्हणाला. "खाली कोठारातले काका म्हणाले, बटणांच्या कारखान्यात बटणाशिवाय साहेबांपुढं जाऊ नका. वाईट दिसतं."

"तुम्ही कोण?"

"मी... यंत्राचा."

"यंत्राचे कोण? मामा की काका?"

तो हसला. मोठ्यानं नाही; आधी डोळे हसले, मग बाकीचा चेहरा. तिला उगीचच वाटलं की आपण जरा जास्त बोललो. तिनं घाईनं खोकं उघडलं, हाताला आलं ते पांढरं बटण घेतलं, सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, "हात पुढं करा. हलवू नका."

त्याची बाही पावसानं गार झाली होती. मनगटावर मात्र ऊब होती. तीन टाके, चार टाके... दोरा दातांनी तोडायची तिची नेहमीची सवय. ती वाकलीसुद्धा, आणि मग एकदम कात्री शोधू लागली. कात्री तिच्या मांडीवरच होती, हे त्यानं दाखवून दिलं.

"बाकीच्या बटणांना दोन भोकं आहेत," बाही निरखत तो म्हणाला. "याला चार."

"कोण बघतंय एवढं?"

"मी बघेन ना."

तो गेला. ती बराच वेळ सुई हातात धरून बसली. 'मी बघेन' म्हणजे काय? तक्रार की कौतुक? तिथून तिच्या गोंधळाला जी सुरुवात झाली ती पुढं कित्येक महिने थांबली नाही.

*

मोठ्या साहेबांनी हुकूम काढला: काम सुटल्यावर आठवड्यातून दोनदा कँटीनमध्ये वर्ग. कोठारातले काका, टंकलेखिका, हिशेबातले दोघे, नमुना खोलीतल्या बाई, सगळ्यांनी यायचं. शिकवणार तो. पहिल्याच दिवशी काकांनी त्याला 'मास्तर' करून टाकलं आणि तेच नाव त्याला चिकटलं.

मास्तरनं फळ्यावर डोंगरासारखा त्रिकोण काढला. "खाली रोजचं काम," तो म्हणाला. "किती बटणं तयार झाली, किती गेली, किती उरली. इथं सगळे आकडे लागतात. मधल्या माणसांना आठवड्याचा गोषवारा पुरतो. आणि शेंड्यावर साहेब. त्यांना चार ओळी पुरे, पण त्या चार ओळींवर त्यांना ठरवता आलं पाहिजे, काय करायचं, काय थांबवायचं."

"म्हणजे वर चढत जावं तसं कमी कमी कळतं," काका म्हणाले.

सगळे हसले. मास्तरही हसला. "कमी कळतं असं नाही, काका. नेमकं कळतं. म्हणजे कळायला हवं."

"आत्तापर्यंत साहेब कसं ठरवायचे?" टंकलेखिकेनं विचारलं.

"माझ्या तोंडाकडं बघून," काका म्हणाले. "मी कपाळाला आठ्या घातल्या की माल संपत आलाय."

"तुम्ही रजेवर गेलात की?"

"मग कारखाना माझ्या आठ्यांची वाट बघतो."

मास्तरनं फळ्यावर दोन शब्द लिहिले. आकडा. माहिती. "हे दोन वेगळे," तो म्हणाला. "चाळीस हा नुसता आकडा. निळ्या बटणांची चाळीस खोकी उरलीत आणि दर आठवड्याला दहा जातात, ही माहिती. जिच्यामुळं काहीतरी ठरवता येतं ती माहिती. जिच्यामुळं काहीच ठरत नाही, तो नुसता ढीग."

तिनं ते अगदी मन लावून ऐकलं, आणि सगळं डोक्यावरून गेलं. कारण तो बोलत असताना तिचं लक्ष त्याच्या डाव्या बाहीवर होतं. चार भोकांचं बटण तिथंच होतं.

वर्ग संपल्यावर ती आणि टंकलेखिका, जी तिची लहानपणापासूनची मैत्रीण, रस्त्यानं चालत निघाल्या.

"मास्तर आज तुझ्याकडं तीनदा बघत होता," टंकलेखिका म्हणाली.

"हा आकडा झाला," ती म्हणाली. "का बघत होता, ती माहिती. ती आहे तुझ्याकडं?"

"बघ बाई. वर्ग अंगात भिनलाय तुझ्या."

"माझ्यामागं फळा होता का?"

"फळा त्याच्यामागं होता, शहाणे."

*

यंत्राची खोली खालच्या मजल्यावर. आत कायम गारवा, आणि दारात चपला काढाव्या लागत, कारण यंत्राला धूळ चालत नसे. पडद्यावर हिरवी अक्षरं लुकलुकत. साहेबांनी ठरवलं की यंत्रावर आकडे चढवायला नमुना खोलीतल्या बाई बसतील, मालाची नावं त्यांना तोंडपाठ आहेत. मग सकाळी नमुना खोली आणि दुपारी यंत्राची खोली, असा तिचा दिवस झाला. दाराबाहेर तिच्या चपला आणि त्याचे बूट शेजारी शेजारी असत. एकदा बाहेर आली तर तिच्या चपला कुणीतरी नीट जोडून, बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवलेल्या होत्या. ती किती तरी वेळ त्या चपलांकडं बघत राहिली. झाडणाऱ्या बाईंनी ठेवल्या असतील. किंवा... नसतील.

कामाची रीत अशी. दर शनिवारी काका कोठारात फिरून प्रत्येक मालापुढं किती खोकी उरली ते तक्त्यावर लिहीत. ती तो तक्ता बघून आकडे यंत्रात घाली. सोमवारी यंत्र भल्या मोठ्या, कडेला भोकं असलेल्या कागदावर साहेबांच्या त्या चार ओळी छापून देई. पण त्या ओळींवर साहेबांनी लगेच विसंबायचं नव्हतं.

"काही दिवस जुनी रीत आणि नवी रीत दोन्ही शेजारी शेजारी चालतील," मास्तरनं समजावलं. "काकांची कोठाराची वही तिच्या वाटेनं, यंत्र त्याच्या वाटेनं. दोघांचा मेळ बसला, लागोपाठ दोन आठवडे बसला, की मग वही बंद."

"आणि मग?" तिनं विचारलं.

"मग माझं काम संपलं. पुढच्या गावी दुसरा कारखाना आहे. साबणाचा."

म्हणजे आपण जितक्या लवकर शिकू, तितक्या लवकर हा जाणार. त्या दिवशी तिनं 'हिरवं'च्या जागी 'पिवळं' टाइप केलं. खरोखर चुकून. नंतर स्वतःलाच विचारलं, चुकूनच ना?

पहिल्या आठवड्यात मेळ बसला नाही. दुसऱ्या आठवड्यात नाही. तिसऱ्यातही थोडक्यात राहिला. काका म्हणाले यंत्र खोटं बोलतं. हिशेबातले दोघे म्हणाले काकांना दिसत नाही. मास्तर त्या भल्या मोठ्या कागदावर वाकून बसे, केसांत बोटं घालून, आणि ती शेजारी बसून आकडे वाचून दाखवी. मेळ बसत नाही याचा तिला आनंद होई, आणि आनंद झाला म्हणून अपराधी वाटे. मग तिचा आवाज उगीच कठोर होई.

"रागावलात का?" एकदा त्यानं विचारलं.

"मी कशाला रागावू?"

"तेच विचारतोय. कशाला?"

"वाचा पुढं," ती म्हणाली. खरं तर वाचत होती तीच.

*

ती मावशीकडं राहायची. आईची थोरली बहीण. कारखान्यातच कोटाच्या बटणांच्या विभागाची मुकादम. मोठी, जाड, शिंगाच्या रंगाची बटणं तिच्या हाताखालच्या बायका घासून चकचकीत करत. मावशीची बोटं कायम गुळगुळीत असत. कामात जितकी कडक, तितकीच घरात हळवी. फक्त हळवेपणा ती रागावून दाखवी.

"बँकेतल्या मुलाच्या आईचा पुन्हा निरोप आलाय," मावशीनं एके संध्याकाळी चहाचा कप पुढं सरकवत म्हटलं. "हो म्हण किंवा नाही म्हण. मधल्यामधे लोंबकळत ठेवू नकोस त्यांना."

"मुलगा चांगला आहे."

"ते मला ठाऊक आहे. तुला करायचंय का?"

"माहीत नाही, मावशी."

"कुणाला माहीत असणार मग? यंत्राला विचार."

तिनं मनातल्या मनात खरंच मास्तरचा त्रिकोण काढला. बँकेतल्या मुलाची माहिती भरपूर होती: पगार, घर, स्वभाव, आवाज, एक बारकीशी खोकल्याची सवय. ठरवायला सगळं पुरेसं होतं. मास्तरबद्दल तिच्याकडं काय होतं? जोडून ठेवलेल्या चपला, ज्या कदाचित त्यानं ठेवल्या नसतील. 'मी बघेन ना.' आणि एक बटण. हा सगळा नुसता ढीग. यातून काहीच ठरत नव्हतं, आणि तरी बँकेतल्या मुलाला हो म्हणायला तोंड उघडत नव्हतं.

आणि मग बातमी फुटली. कारखान्यात बातमीला पाय नसतात, तिला टंकलेखिका असते. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्राच्या खोलीत मास्तर पडद्यावर नजर ठेवूनच म्हणाला,

"ऐकलं की... तुमचं ठरतंय म्हणे."

हिरवी अक्षरं लुकलुकत होती. कुठंतरी गार वारा सोडणारं डबडं घुरघुरत होतं. तिच्या मनात चार वाक्यं एकदम आली. नाही ठरत. अजून नाही ठरलं. तुम्ही का विचारता? आणि चौथं असं होतं की ते जिभेवर येणं शक्यच नव्हतं. चौघांची दारात अशी गर्दी झाली की एकही बाहेर पडलं नाही.

ती गप्प राहिली.

तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "बरं. पुढचा आकडा?"

त्या दिवसानंतर तो तिच्याशी फार अदबीनं वागू लागला. 'आपण', 'कृपया', 'हरकत नसेल तर'. तिला ती अदब बोचू लागली. अभिनंदन केल्यासारखी होती ती. किंवा निरोप घेतल्यासारखी. कोणती, हे काही तिला कळेना.

*

त्याच महिन्यात मोठ्या साहेबांचा धीर सुटला. मेळ बसायची वाट न बघता त्यांनी यंत्राच्या चार ओळी वाचल्या आणि आपला पहिला नवा निर्णय घेऊन टाकला. मावशी घरी आली ती पदर न सावरता खुर्चीत बसली.

"आमचा विभाग बंद," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यापासून. साहेब म्हणतात कोटाची बटणं खपतच नाहीत. यंत्र सांगतंय, कोठारात खोकी आहेत तशी पडून आहेत. आठवडेच्या आठवडे हललेली नाहीत."

"पण मावशी, तुम्ही सगळ्या तर जेवायच्या सुट्टीतसुद्धा काम करताय."

"तेच तर. हल्ली शनिवारी कोठारात एक खोकं नसतं आमचं. सोमवारी आम्ही भरतो, शुक्रवारी सगळं गेलेलं. आणि यंत्राला म्हणे ढीग दिसतो. माझ्या हाताखाली सात बायका आहेत. त्यांना काय सांगू, यंत्राला दिसत नाही तुम्ही?"

तिनं हातातला कप खाली ठेवला.

शनिवारी एक खोकं नसतं. काका तक्ता लिहितात शनिवारी. आणि संपलेल्या मालापुढं काका काय लिहितात? काहीच लिहीत नाहीत. वर्षानुवर्षांची त्यांची रीत ती. नाहीच तर लिहायचं काय, असं म्हणून ते रकाना रिकामा सोडतात. तिनं तो रिकामा रकाना, तसाच, रिकामा यंत्रात घातला होता. आणि यंत्र? मास्तरनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, अगदी कौतुकानं, तुमचे हात वाचावेत म्हणून सोय केलीय: ज्या मालात फरक नाही तो पुन्हा टाइप करू नका, रकाना सोडून द्या, यंत्र आधीचाच आकडा धरून चालेल.

काकांचं रिकामं म्हणजे शून्य. यंत्राचं रिकामं म्हणजे आधीचंच; अगदी पहिल्या शनिवारी उरलेली खोकी यंत्र अजून धरून होतं. जे सगळ्यांत जास्त खपत होतं, तेच यंत्राला सगळ्यांत जास्त पडून दिसत होतं. आणि दोघांच्या मधे ती बसली होती, दोन्ही भाषा येत असून.

तिला हसू येईना आणि रडूही. कारण यापुढची पायरी सरळ होती. सकाळी जाऊन सांगायचं. सांगितलं की मेळ बसणार. मेळ बसला की तो जाणार, आपल्याला अजून काहीच कळलेलं नसताना.

मावशीनं दिवा लावला. गुळगुळीत बोटं एकमेकांत अडकवून ती बसून राहिली. त्या बोटांकडं बघून तिचं ठरलं. त्या सगळ्या महिन्यांतली ती एकच गोष्ट होती, जिच्यात तिचा गोंधळ झाला नाही.

*

सकाळी ती तडक साहेबांच्या खोलीकडं गेली. दार उघडंच होतं. आत साहेब, समोर काका, आणि काकांच्या शेजारी मास्तर, हातात तोच भला मोठा कागद. कोटाच्या बटणांची ओळ लाल पेन्सिलीनं घेरलेली.

"या," साहेब म्हणाले. ते गोल, घामेजलेले, मनानं चांगले गृहस्थ होते. फक्त त्यांना ठरवायची घाई असे. "तुम्हीही त्याच कामाला आलात का? मास्तर म्हणतात चूक त्यांची. रिकाम्या रकान्याचा अर्थ त्यांनी आम्हाला न विचारता ठरवला. काका म्हणतात चूक त्यांची. त्यांनी शून्य काढलं नाही. आता तुम्ही कुणाची म्हणता?"

"माझी, साहेब."

"छान. म्हणजे चुकीला तीन मालक. आणि मी न थांबता विभाग बंद करायला निघालो, त्याचा चौथा." त्यांनी कपाळ पुसलं. "कोटाची बटणं चालू राहतील. तुमच्या मावशींना सांगा, मीही येतो सांगायला. आणि मास्तर, हे आता दुरुस्त करा म्हणजे दोन आठवड्यांत तुमची सुटका."

"हो," मास्तर म्हणाला.

बोळात आल्यावर तिनं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"काल संध्याकाळी. कोठारात गेलो होतो, काकांचा तक्ता बघायला. कोटाच्या बटणांची जागा मोकळी, आणि कागदावर खोकी. तिथंच पाय थबकला."

"लगेच आलात सांगायला."

"सांगायला नको होतं?"

"हवंच होतं," ती म्हणाली. आपण सांगायच्या आधी एक अख्खी संध्याकाळ जीव टांगणीला लावून बसलो. ह्याला क्षणभरही जड गेलं नसेल. साबणाचा कारखाना ह्याची वाट बघतोय.

मास्तरनं यंत्राला नवी शिस्त लावली. आता रकाना रिकामा सोडला की यंत्र टीं... असं ओरडे आणि पुढं सरकायलाच तयार नसे. काही नसेल तर शून्य लिहा. माहीत नसेल तर तसं लिहा. आहे तसंच असेल तर तेही लिहा. पण काहीतरी लिहा.

"भलतंच हट्टी केलंत त्याला," काका म्हणाले. "आमच्या हिच्यासारखं. उत्तर घेतल्याशिवाय सोडत नाही."

पहिल्या आठवड्यात मेळ बसला. दुसऱ्या आठवड्यातही. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. काकांची वही कपाटात गेली, आणि काका दिवसभर मुकाट होते, कुणी थट्टा केली तरी.

त्याच संध्याकाळी तिनं मावशीला सांगितलं, "बँकेतल्या मुलाच्या आईला नाही म्हणून कळव."

"कारण काय सांगू?"

"कारण माहीत नाही. पण नाही, हे माहीत आहे."

मावशीनं तिच्याकडं पाहिलं. "एवढं पुरे," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं. शर्टाला चार भोकांचं बटण लावून हिंडणारा माणूस कारखान्यात एकच आहे, आणि ते कुणी शिवलं ते मी टाक्यावरून ओळखते."

*

तो निघायचा दिवस. आकाश भरून आलं होतं, पण पडत नव्हतं. त्यालाही काही ठरवता येत नसावं. ती नमुना खोलीत होती. पुठ्ठा पुढ्यात, सुई हातात, टाका मात्र एकही नाही. दारात कुणीतरी उभं राहिलं.

"बटण मिळेल का?"

"किती ग्रोस?" तिनं या वेळीही मान वर न करता विचारलं.

"एक."

"कशाला? जुनं तुटलं?"

"नाही. ते आहे." त्यानं डावा हात पुढं केला. "दुसऱ्या बाहीलाही चार भोकांचंच हवंय. म्हणजे जोडी होईल. एकाच बाजूला वेगळं असलं की लोक विचारतात."

तिनं खोकं उघडलं. सुईत दोरा जाईना. एकदा, दोनदा... त्यानं सुई तिच्या हातातून घेतली, दोरा ओवला, परत दिली. तिनं त्याची उजवी बाही धरली.

"हात हलवू नका."

"हलवत नाहीये. तुमचाच हलतोय."

एक टाका. दोन.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मागं एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, तुमचं ठरतंय का म्हणून. तुम्ही गप्प बसलात. मी त्याचा अर्थ लावला. तुम्हाला न विचारता."

"काय लावलात?"

"की ठरलंय. गेले कित्येक आठवडे तो अर्थ घेऊन फिरतोय. मग त्या संध्याकाळी कोठारात काकांच्या तक्त्यापुढं उभा राहिलो आणि वाटलं, अरे... रिकाम्या रकान्याचा अर्थ मी एकदा चुकीचा लावला, तर दोनदाही लावला असेन." तो थांबला. "साहेबांना सांगायला गेलो ना, तेव्हा पाय उचलत नव्हते. सांगितलं की जावं लागणार होतं. पण तुमच्या मावशीचा विभाग..."

"तुमचेही उचलत नव्हते?"

"तुमचेही म्हणजे?"

ती टाका घालत राहिली. गरजेपेक्षा किती तरी जास्त टाके पडले होते.

"तेव्हा आता नीट विचारतो," तो म्हणाला. "तुम्ही गप्प बसलात तर मी काय समजायचं? नाही? माहीत नाही? की आधीचंच?"

बाहेर पहिला थेंब खिडकीवर वाजला. तिनं दोरा तोडायला मान खाली केली. कात्री मांडीवर होती, तिला ठाऊक होतं. या वेळी तिनं ती शोधली नाही. वाकली, आणि त्याच्या मनगटाशी, दातांनी दोरा तोडला.

"आधीचंच," ती म्हणाली.

"आधी काय होतं?"

"ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही बघत होता ना."

*

तो साबणाच्या कारखान्यात गेला. गेलाच, कामाला बांधलेला माणूस. पण वर्ष सरायच्या आत परत आला, मावशीच्या घरी, दोन्ही बाह्यांना चार भोकांची बटणं लावून. मावशीनं त्याला काहीच विचारलं नाही. फक्त बटणं ओढून पाहिली, पक्की आहेत का.

बँकेतल्या मुलानं टंकलेखिकेशी लग्न केलं. नकाराचा निरोप घेऊन तीच गेली होती, आणि पाणी प्यायला म्हणून बसली ती बसलीच. त्याच्या खोकल्यावरून ती त्याला आयुष्यभर चिडवत राहिली. मोठे साहेब पुढं कुठलाही निर्णय घेण्याआधी त्या कागदाला हात लावून बसत आणि म्हणत, "आधी बायकांना विचारून या." कोटाच्या बटणांचा विभाग मावशी निवृत्त होईपर्यंत चालला, आणि नंतरही बरीच वर्षं. काकांची वही कपाटातून कधी बाहेर आली नाही, पण काका रोज सकाळी आपल्या 'नमुन्या'कडं बघून कपाळाला आठ्या घालून दाखवीत, गेले तोपर्यंत. ते पहिलं यंत्र भंगारात गेलं तेव्हा त्याच्या जागी आलेलं हातभर होतं, आणि त्याच्या पुढचं वीतभर.

तिनं पुढं स्वतः वर्ग घेतले, गावोगावच्या कारखान्यांत. फळ्यावर तोच त्रिकोण काढायची, आणि पहिल्याच दिवशी विचारायची, "तुमच्याकडं रिकाम्या रकान्याचा अर्थ काय?" लोकांना वाटे, बाई फार खोलात शिरतात.

मास्तर आता म्हातारा झालाय. मागच्या आजारानंतर बोलणं कमी झालं. शब्द शोधतो, सापडेपर्यंत विषय निघून जातो. डॉक्टरांनी विचारलं, नातवंडांनी विचारलं, की मान हलवतो किंवा नुसता बघत राहतो. घरातले गोंधळतात. ती नाही. संध्याकाळी खिडकीपाशी त्याच्या बाहीचं बटण लावता लावता ती एखादं काहीतरी विचारते, तो गप्प असतो, आणि ती म्हणते,

"कळलं. आधीचंच."

तेव्हा त्याचे डोळे आधी हसतात, मग बाकीचा चेहरा.